बत्तीस इंचांचा ओटा

अल्बिना पेरुशेक यांची उंची चार फूट दहा इंच होती. ही नोंद मी प्रथम करतो, कारण पुढील सर्व हकिकत या एका मापावर उभी आहे आणि ज्यांनी ज्यांनी हे माप विचारात घ्यायला हवे होते, त्यांपैकी फक्त एकाने ते घेतले. तो त्यांचा नवरा लुडविक. तो १९९१ साली वारला.

आमची वस्ती हॅलोरन लोकेशन, मिनियापोलिसच्या पुष्कळ उत्तरेला. लोखंडाच्या खाणीवर काम करणाऱ्यांसाठी कंपनीने घरे बांधली आणि त्या वस्त्यांना 'लोकेशन' म्हटले. खाण पाण्याने भरून गेली तरी नाव राहिले. साठ घरे, चार रस्ते. निम्मे लोक स्लोव्हेनियन, उरलेले फिनिश आणि इटालियन. मी फिनिश. नाव आर्विद कांगास. गावच्या हायस्कुलात चौतीस वर्षे तांत्रिक चित्रकला शिकवली, म्हणजे पट्टी, गुण्या आणि कंपास. त्यामुळे लोकेशनमध्ये लहानमोठे सगळेच मला मास्तर म्हणतात. अल्बिनाबाईंचे घर माझ्या घराच्या समोर. लोकेशनमधली मुले त्यांना 'तेता' म्हणत, म्हणजे मावशी. ती मुले पुढे आजोबा झाली तरी तेताच म्हणत राहिली.

आता ओट्याविषयी. १९५८ साली स्लोव्हेनियन मंडळाने सभागृहाच्या तळघरातली बोलिंगची जागा मोडली. लुडविकने चेंडू घरंगळवायच्या मेपलच्या त्या गुळगुळीत धावपट्टीचा आठ फुटांचा तुकडा मागून घेतला आणि खाणीच्या ट्रकमधून घरी आणला. पट्टीत नेम धरण्यासाठी काळ्या लाकडाचे बाण बसवलेले होते. ते तसेच ठेवले. मग त्याने बायकोला स्वयंपाकघरात अनवाणी उभे केले. तिला आठवा महिना होता. कोपर जरासे वाकवायला लावून, तळवा आडवा धरून त्याने तळव्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारली.

"बत्तीस," तो म्हणाला. "याच्यावर एक इंच नको. पीठ मळताना जोर खांद्यातून आला पाहिजे, मनगटातून नाही."

हे मला अल्बिनाबाईंनीच किती वेळा सांगितले असेल, त्याची गणती नाही. दर वेळी त्या लुडविकचा आवाज काढून सांगत.

त्या ओट्यावर त्यांनी छप्पन्न वर्षे पोतित्सा केली. आंबवलेले पीठ कागदासारखे पातळ पसरायचे, त्यावर अक्रोड, मध आणि सायीचे सारण लावायचे, गुंडाळी करून भाजायची. नाताळात आणि ईस्टरला लोकेशनच्या प्रत्येक घरी त्यांची एक गुंडाळी पोचत असे. फिनिश घरीही, इटालियन घरीही. बाण त्यांच्या कामाला येत. पीठ पहिल्या बाणापर्यंत आले की लाटणे बाजूला ठेवायचे आणि हातांनी ओढायला लागायचे. दुसऱ्या बाणावर आले की थांबायचे.

"बाण पिठातून दिसला पाहिजे," त्या म्हणायच्या. "नाही दिसला, तर ती पोतित्सा नाही. तो पाव."

लुडविक गेल्यावर त्यांनी चर्चमधले गाणे सोडले, पत्ते सोडले, मंडळाच्या सहली सोडल्या. पोतित्सा सोडली नाही. वर्षातून दोनदा त्यांच्या खिडकीला वाफ धरायची आणि लोकेशनमधल्या लोकांना कळायचे की तेता उभी आहे. हे 'उभी आहे' मी विचारपूर्वक लिहितो. पोतित्सा बसून होत नाही.

२०१४ च्या जानेवारीत त्या नाताळानंतर मुलीकडे मिनियापोलिसला राहिल्या असताना घरातली पाण्याची नळी गारठून फुटली. परत आल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या जमिनीवरचे लिनोलियम फुगून उचललेले होते आणि खालची कपाटे कुजली होती. विमा कंपनीने भरपाई मान्य केली. मुलगी मार्लीन म्हणाली, आता करायचंच आहे तर नीट करू.

मार्लीन माझी विद्यार्थिनी. मुलींना चित्रकलेच्या वर्गात प्रथम घेतले त्या वर्षीची. हुशार, नेटकी, आणि स्वतःच्या हुशारीची पूर्ण जाणीव असलेली. तिचा नवरा डेल विम्याच्याच धंद्यात. दोघांनाही अल्बिनाबाईंविषयी माया होती, हे मी स्पष्ट नमूद करतो. या हकिकतीत दुष्ट माणूस नाही. असता तर मला लिहिणे सोपे गेले असते.

नवी फरशी आणि नवा ओटा निवडायला आम्ही डुलुथला गेलो. मार्लीनने मला बरोबर घेतले, कारण आराखडा मीच काढणार होतो. दुकानात भिंतभर दगडांचे चौकोन लावलेले होते आणि प्रत्येकाला नाव होते: कुणाचे धुके, कुणाचा हिमनद, कुणाची पहाटेची राख. सगळे करडेच. विक्रेता तिशीतला होता आणि त्याने ऐंशीच्या घरातल्या बाईंना पहिल्या वाक्यापासून नावाने हाक मारली.

"अल्बिना, हा बघ. कारखान्यात बनवलेला दगड. डाग पडत नाही, ओरखडा उठत नाही."

"यावर पीठ मळता येतं का?"

"यावर काहीही करता येतं! फक्त गरम भांडं ठेवायचं नाही."

"मग काहीही कसं?"

विक्रेता हसला. मार्लीन हसली नाही. ती म्हणाली, "आई, पुढे कधी घर विकायचं झालं, तर गिऱ्हाईक सगळ्यात आधी स्वयंपाकघर बघतं. सगळे हेच मागतात."

"कोण सगळे?"

"घर घेणारे."

"माझं घर घेणारा अजून जन्मलाय का ते बघ आधी. मी मेल्यावर त्याला काय हवं ते मी आत्ता का निवडू? तो माझ्यासाठी काय निवडतोय?"

हा प्रश्न मला तेव्हाही बिनतोड वाटला होता.

मग फरशी. दुकानात चिनी मातीच्या लांबट फरशा होत्या. वर छापून लाकडाच्या रेषा आणि गाठी काढलेल्या. अल्बिनाबाईंनी एक उचलून पाहिली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली.

"हे लाकूड आहे?"

"लाकडासारखं दिसतं," विक्रेता म्हणाला. "पण लाकडाचा त्रास नाही."

"म्हणजे नवऱ्याला घराबाहेर काढायचं आणि नवऱ्याचा पुतळा आत ठेवायचा. त्रास नाही."

या वेळी मात्र मार्लीनलाही हसू आले. मला वाटते, त्या हसण्यात तिने फरशी जिंकली. जुने लिनोलियम पायाखाली मऊ होते, तासन्तास उभे राहिले तरी गुडघे कुरकुरत नसत, असे अल्बिनाबाई दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत. परतताना मोटारीत त्यांनी सगळे सोडून दिले. दगड चालेल. करडा चालेल. लाकडाचा पुतळा चालेल. मेपलची पट्टी डेल नेतो म्हणतोय, तर नेऊ दे.

"मला एकच द्या," त्या म्हणाल्या. "बत्तीस. बाकी तुम्ही काय हवं ते लावा. माझा ओटा बत्तीस इंचांवर राहिला तर मी दगडावरही पोतित्सा करीन. बाण मी खडूनं काढीन."

"बघू या, आई," मार्लीन म्हणाली.

"बघू नका. लिहा. मास्तर, लिहून घ्या."

मी खिशातल्या वहीत लिहून घेतले.

आराखडा मी त्यांच्याच टेबलावर काढला. त्या समोर बसून कॉफी पीत आणि टोमणे मारत. मी तासभर बोललो नाही की म्हणत, "तुम्हा फिनिश लोकांना बोलल्याबद्दल कर द्यावा लागतो का?" उजव्या कोपऱ्यात मी बदलांचा चौकोन आखला. त्याचे त्यांना कुतूहल वाटले.

"हे कशाला?"

मी समजावले की आराखडा एकदा शाईने पुरा झाला की त्यात खाडाखोड चालत नाही. बदल करायचा तर जुन्या आकड्यावर पट्टीने एकच सरळ रेघ मारायची. रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे. नवा आकडा वर लिहायचा. आणि या चौकोनात नोंद करायची: अनुक्रमांक, तारीख, काय बदलले, कोणाच्या सांगण्यावरून, सही. म्हणजे पुढे कोणी विचारले तर उत्तर कागदावर असते.

"म्हणजे चूक झाकता येत नाही."

"येत नाही."

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या पाद्रीबाबांना सांगायला पाहिजे."

मग त्यांनी बोट ठेवून विचारले, "बत्तीस कुठे लिहिलंत?" मी दाखवले. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि दाराच्या चौकटीवरच्या लुडविकच्या रेघेकडे पाहिले. दोन्ही जुळल्याची खात्री करून घेतल्यासारखे.

आराखडा मी मार्लीनला टपालाने पाठवला. चौदा ऑगस्टला तिचा फोन आला.

"सर, ओटा बत्तीस?"

"तुझ्या आईने सांगितले."

"सर, तयार कपाटं येतात ती साडेचौतीसची. वर दगड, म्हणजे छत्तीस. भांडी घासायचं यंत्र चौतीसच्या खाली बसतच नाही."

"त्यांना यंत्र नको आहे."

"त्यांना नको असेल. पुढच्याला हवं असेल. आणि आई अजून किती वर्षं उभी राहून पीठ मळणार आहे? तिचे खांदे बघा." मग वर्गात उत्तर देताना बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "सर, तुम्हीच शिकवलंत. दाराची उंची ऐंशी, पायरी सात, ओटा छत्तीस. मी परीक्षेत चौतीस लिहिलं होतं, तर तुम्ही तांबड्या शाईनं गोल केला होता. शेरा लिहिला होता, 'प्रमाण म्हणजे शिस्त.' तो कागद आईनं अजून जपून ठेवलाय."

मला तो कागद आठवत नव्हता. पण शेरा माझाच होता, यात शंका नाही. चौतीस वर्षे मी तो शेरा लिहिला आहे.

मी म्हणालो, "आराखडा परत पाठव."

तो आल्यावर मी बत्तीसवर पट्टीने एक रेघ मारली आणि वर छत्तीस लिहिले. चौकोनात नोंद केली: क्रमांक एक, चौदा ऑगस्ट, ओट्याची उंची ३२ ऐवजी ३६. 'कोणाच्या सांगण्यावरून' या रकान्यापाशी मी थोडा थांबलो. मग लिहिले: मालक. खाली सही.

हे चूक नव्हते. घर पाच वर्षांपूर्वीच मार्लीनच्या नावावर झाले होते. म्हातारपणी वृद्धाश्रमात जावे लागले तर तिथल्या खर्चापायी घर जाऊ नये, म्हणून आमच्याकडे पुष्कळ लोक ते मुलांच्या नावावर करून टाकतात. अल्बिनाबाईंनी सही केली तेव्हा साक्षीदार मीच होतो. कागदोपत्री मालक मार्लीन होती. मी अचूक शब्द वापरला.

मी अल्बिनाबाईंना सांगितले नाही. मार्लीन सांगेल, अशी माझी समजूत मी करून घेतली. रोज दहाला त्यांच्याकडे कॉफीला जात असे. ते जाणे पाच आठवडे बंद झाले. गुडघ्याचे निमित्त केले. पडद्याआडून मला त्यांचे घर दिसे. एके दिवशी डेलने आणि दोन माणसांनी मेपलची पट्टी बाहेर काढून ट्रेलरवर बांधली. अल्बिनाबाई पायरीवर उभ्या होत्या. ट्रेलर वळला, तेव्हा त्यांनी हात हलवला. डेलला नव्हे, असे मला वाटले.

कपाटे बसवायच्या दिवशी त्यांनी स्वतः मला हाक मारली. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून.

"मास्तर! गुडघा घेऊन या इकडे!"

आत गेलो. नवी फरशी बसली होती. पावले वाजत होती. भिंतीशी खालची कपाटे उभी होती, वर दगड यायचा होता. काम करणारा गॅरी तोंडात पेन्सिल धरून उभा होता. तोही माझाच विद्यार्थी. मार्लीन खिडकीशी होती. आराखडा टाचण्यांनी भिंतीवर लावलेला होता आणि अल्बिनाबाई त्यासमोर चष्मा लावून उभ्या होत्या.

"वाचून दाखवा," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला वाचता येतं, अल्बिनाबाई."

"येतं. तुमच्या तोंडून ऐकायचंय. हा मालक कोण?"

"कागदोपत्री मार्लीन."

"आई, सही केली होतीस ना," मार्लीन म्हणाली.

"केली होती. तू म्हणालीस, नुसती सही आहे आई, काही बदलणार नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही शेजारी बसून होतात. तेव्हाही गप्प."

"मला वाटलं, मार्लीननं तुम्हाला सांगितलं असेल."

"आणि तिला वाटलं असेल तुम्ही सांगितलंत. शिकलेल्या माणसांचं बरं असतं. पाच आठवडे मी म्हणतेय, फिनिश आहे बिचारा, मधूनच मुका होतो, होईल बरा."

गॅरीने पेन्सिल तोंडातून काढली.

"तेता, अजून दगड कापलेला नाही. त्याचं माप उद्या घेणार. या कपाटांना खाली पाऊल शिरण्यापुरती चार इंचांची बैठक असते. ती कापून टाकली की झालं. बत्तीसवर आणून देतो. एका दुपारचं काम." त्याने माझ्याकडे पाहिले. "मी आराखड्याप्रमाणे चालतो. मास्तर, तुम्ही हो म्हणा, मी करवत आणतो."

"आणि यंत्र?" मार्लीन म्हणाली.

"यंत्र नाही बसणार."

अल्बिनाबाईंनी माझ्याकडे पाहिले. विनवणी नव्हती त्या नजरेत. वर्गातला शिक्षक उत्तराची वाट पाहतो तसे त्या पाहत होत्या. मला 'हो' एवढा एक शब्द बोलायचा होता. पण माझी नजर भिंतीवरच्या आराखड्यावर गेली. तिथे दुसरी ओळ रिकामी होती आणि तिच्यात 'कोणाच्या सांगण्यावरून' काय लिहायचे, ते मला सुचेना.

"मालकाची परवानगी लागेल," मी म्हणालो.

मार्लीन खिडकीबाहेर पाहू लागली. गॅरीने पेन्सिल कानामागे खोचली.

"राहू दे, गॅरी," अल्बिनाबाई म्हणाल्या. "करवतीचा आवाज मास्तरांना सोसायचा नाही. कॉफी घेणार का कोणी? चूल कुठे ठेवलीये ते मात्र शोधावं लागेल."

दगड बसला. करडा, चकचकीत, ओरखडाही न पडणारा. त्यांच्या कोपराला येऊन भिडणारा. मार्लीनने दोन पायऱ्यांचे स्टूल आणून दिले, खाली रबर लावलेले, कारण नव्या फरशीवर साधे स्टूल सरकत असे. नाताळाआधी अल्बिनाबाई त्यावर एकदा चढल्या. मी तेव्हा तिथे होतो. रोज दहाचे जाणे पुन्हा सुरू झाले होते, कारण ते बंद ठेवण्याचे धैर्यही माझ्यात नव्हते. त्यांनी पीठ ओट्यावर टाकले, दोन्ही हातांनी ढकलले. स्टूल हलले नाही. त्याच डोलल्या. ओट्याच्या कडेला धरून हळूहळू खाली उतरल्या.

"स्वयंपाकाला शिडी लावायची," त्या म्हणाल्या. "मी काय चर्चमधली मूर्ती आहे, कोनाड्यात चढून बसायला?"

"खालच्या टेबलावर करून बघा."

"ते एकोणतीस आहे. कंबर मोडते. तुम्ही मापं शिकवलीत ना?"

ते पीठ त्यांनी पक्ष्यांना घातले. त्या नाताळात खिडकीला वाफ धरली नाही. लोकेशनमध्ये सगळ्यांनी ते पाहिले आणि कोणी विचारले नाही. नवे स्वयंपाकघर बघायला मात्र सगळे आले. छान झालंय म्हणाले. भांडी घासायचे यंत्र उघडून पाहिले. अल्बिनाबाई त्यात पावाच्या पिशव्या ठेवत असत.

ईस्टरच्या शनिवारी त्यांनी माझे दार वाजवले. हातात गावातल्या सुपरमार्केटचा पुठ्ठ्याचा खोका; वर पारदर्शक खिडकी, आत कापलेली पोतित्सा, किमतीची चिठ्ठी तशीच.

"घ्या," त्या म्हणाल्या. "छत्तीस इंची."

"अल्बिनाबाई..."

"खा, खा. प्रमाणात आहे. सगळे तुकडे सारखे."

मी खाल्ली. त्या समोर उभ्या राहून पाहत होत्या. तो पाव होता.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, मार्लीनने आम्हा दोघांना तिच्या आणि डेलच्या तळ्याकाठच्या लाकडी घरी नेले. आई, तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे, असे डेल वाटेत चारदा म्हणाला. बाहेरच्या व्हरांड्यात त्याने मेपलची पट्टी उभारली होती. लोखंडी पाय, भोवती उंच खुर्च्या, वर बिअरचे कॅन. सबंध लाकडावर त्याने काचेसारखा जाड, पारदर्शक लेप ओतला होता.

"बघा आई," डेल म्हणाला. खरोखर आनंदाने म्हणाला. "एकही खूण घालवली नाही. सुरीच्या रेघा, बाण, सगळं तसंच. आत बंद केलंय. आता शंभर वर्षं काही होत नाही. शहरातले लोक येतात, तर याच्यावरून हात फिरवत राहतात."

अल्बिनाबाई जवळ गेल्या. ओट्याची कड त्यांच्या छातीशी आली. त्यांनी दुसऱ्या बाणावर बोट ठेवले. काळ्या लाकडाच्या कडेने एक पांढरी बारीक रेघ होती. नखाने त्यांनी ती खरवडून पाहिली; नख लेपावरून घसरले.

"हे पीठ आहे," त्या म्हणाल्या. "माझं."

"हो ना!" डेल म्हणाला. "लोकांना तेच फार आवडतं."

त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, किती असेल हा?"

मी नजरेने मोजले. "बेचाळीस."

"वाढतोय," त्या म्हणाल्या. "ओटा वाढतोय आणि मी आक्रसतेय. कधीतरी छपरालाच टेकेल."

डेल हसला, मार्लीनही हसली. डेलने दिलेली बिअर अल्बिनाबाईंनी घेतली आणि कॅन नेमका त्या पांढऱ्या रेघेवर ठेवला.

त्यानंतर त्या साडेतीन वर्षे जगल्या. चिडचिड केली नाही, मार्लीनशी बोलणे सोडले नाही, माझी कॉफी बंद केली नाही. पोतित्सा पुन्हा केली नाही. कोणी विषय काढला की म्हणत, "वय झालं." आणि माझ्याकडे पाहत. २०१९ च्या फेब्रुवारीत, थंडी शून्याच्या खाली तीसवर असताना, झोपेत गेल्या. चर्चच्या तळघरात जेवण झाले. पोतित्सा तयार आणली होती. लोकांनी तेता अल्बिनाच्या पोतित्सेच्या आठवणी काढल्या आणि ती तयार पोतित्सा संपवली.

उन्हाळ्यात घर विकायला काढले. एक गिऱ्हाईक आले, मिनियापोलिसचे. हिवाळ्यात बर्फावरच्या गाड्या चालवायला येणाऱ्यांना घर भाड्याने द्यायचा त्याचा विचार होता. किल्ली माझ्याकडे असल्याने मी हजर होतो. मार्लीनने स्वयंपाकघरातले सगळे दिवे लावून ठेवले होते. दगड पुसून चमकत होता. तो माणूस आत आला, दगडावर आपली टोपी ठेवली आणि विचारले, "गॅरेजमध्ये दोन गाड्या बसतील का?"

गॅरेज त्याने पाऊण तास पाहिले. घर घेतले. टोपी विसरला होता, ती घ्यायला तेवढा पुन्हा आत गेला.

सामान आवरताना मार्लीनने मला एक लिफाफा दिला. "सर, आईच्या पाककृतींच्या डब्यात होता. वर 'मास्तरांचा आराखडा' लिहिलंय. मी उघडला नाही." तिचे डोळे लाल होते. मी लिफाफा घेतला.

घरी येऊन आराखडा टेबलावर पसरला. टाचण्यांची चार भोके, कॉफीचा एक डाग. ३२ वरची माझी रेघ, वर ३६. चौकोनात माझी एकमेव नोंद. तिच्यात एक बदल केलेला होता. 'कोणाच्या सांगण्यावरून' या रकान्यातल्या 'मालक' या शब्दावर पट्टीने एकच सरळ रेघ मारली होती. खालचा शब्द स्वच्छ वाचता येत होता. वर, स्लोव्हेनियन शाळेत शिकवत त्या तिरक्या अक्षरात, लिहिले होते: 'मास्तर'.

पुढे तारीख होती. सही होती. नोंद नियमाप्रमाणे पूर्ण होती.